गुरुजींची शिदोरी आणि उषाबाईंची यादी

एकोडीत मधुकररावांना मधुकरराव म्हणून कोणी हाक मारत नाही. गुरुजी म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. "चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला बेट म्हणतात" हे वाक्य त्यांनी इतक्या पोरांकडून पाठ करून घेतलं, की पावसाळ्यात धानाच्या बांध्या भरल्या की आजही कुणीतरी बाप्या माणूस धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून ओरडतो, "गुरुजी, आमचं घर बेट झालं!" गुरुजी चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "तीनच बाजूंनी पाणी हाय. याले द्वीपकल्प म्हंतात." स्वतः गुरुजींनी मात्र समुद्र कधी पाहिला नव्हता. पृथ्वीच्या गोलावर पाहिला होता, निळा, आणि एका जागी पोपडा निघालेला.

ही गोष्ट तशी गुरुजींची नाही, त्यांच्या बायकोची, उषाबाईंची आहे. पण उषाबाईंविषयी सांगायचं तर गुरुजींच्या ताटापासून सुरुवात करावी लागते. चाळीस वर्षं त्यांचा स्वतःचा दिवसही तिथूनच सुरू होत आला आहे.

गुरुजी बाहेरचं खात नाहीत. लग्नात जातात, पंगतीत बसतात, वरणभाताचे चार घास चिवडतात आणि घरी येऊन पायातली चप्पल काढता काढता विचारतात, "भात हाय का थोडासा?" एकदा त्यांना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला जावं लागलं, तर दहाही दिवस साकोलीहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा गेला. मासा आवडीनं खातात, पण गावतलावातला, आणि जाळं कोणी टाकलं ते माहीत असेल तर. परगावी चालतात ती फक्त केळी आणि संत्री. "सालीत असते," ते सांगतात. "देवानं बंद करून देल्लं, कोनाचा हात लागत नाई."

एवढं निवडून खाणारा माणूस, पण खाल्ल्यावर बोलतो किती, तर एक अक्षर. उषाबाई चुलीपासून विचारतात, "मीठ बरोबर हाय ना?" आणि ताटावरून उत्तर येतं, "हूं." आखूड हूं म्हणजे ठीक. लांब हूं म्हणजे चांगलं जमलं. नाकातून आलेलं हूं म्हणजे मीठ जास्त आहे, पण आता काय करता. शेजारची धुरपता एकदा म्हणाली, "उषाबाई, तुमचे गुरुजी शाळेत एवढे बोलत, घरी काऊन नाई बोलत?"

"बोलते ना," उषाबाई म्हणाल्या. "मलेच तेवढं आयकू येते."

आणि उषाबाईंचं जेवण? ते सगळ्यांचं झाल्यावर. सासू होती तेव्हा सासूनंतर, पोरगी मोना लहान होती तेव्हा तिच्यानंतर, आता दोघंच उरले तरी गुरुजींनंतर. कोणी तसा नियम केला नव्हता, पण मोडलाही नव्हता. त्यांच्या वाट्याला यायचा तो गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी लागलेला भात आणि साय धरलेला रस्सा. गरम अन्न त्यांना ठाऊक होतं ते तळहातावरचं. रांधताना पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा आणि जिभेला लावायचा. गरम कालवणाची खरी चव उषाबाईंच्या जिभेपेक्षा त्यांच्या तळहातालाच जास्त माहीत होती, असं म्हटलं तरी चालेल.

मोना नागपूरला नोकरी करते. मागच्या दिवाळीत तिनं आईबापांसाठी अंदमानची सहल ठरवून टाकली. सहा दिवस, सगळे साठीच्या पुढचे, सोबत एक अमर नावाचा मुलगा, जो सगळ्यांची तिकिटं आणि गोळ्या सांभाळणार. आणि आईच्या मोबाइलवर तिनं एक मजकूर पाठवला : बेटांवर गेलात तर हे पदार्थ खाल्ल्याशिवाय परतू नका.

उषाबाईंनी तो तीनदा वाचला. मग गुरुजींच्या जुन्या हजेरीवहीची कोरी पानं उरली होती, त्यातल्या एका पानावर उतरवून काढला. नारळाच्या दुधातला मासा. केळीच्या पानात भाजलेला मासा. खेकड्याचा रस्सा. मोहरी वाटून केलेली कोळंबी. शहाळ्याच्या मलईची खीर. केवड्याच्या जातीच्या एका फळाची उकड, जी निकोबारचे लोक करतात. आणि सातवा, पांता भात. पुढे हजेरीचे चौकोन होतेच, खुणा करायला.

सातही मिळतील असं त्यांना वाटलं नव्हतं. एक मिळाला तरी पुरे होता. पण तो बसून खायचा होता, गरम खायचा होता, आणि दुसऱ्यानं वाढलेला खायचा होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्यांनाच वाटलं.

आठ दिवस आधी गुरुजींनी शिदोरीचा विषय काढला.

त्यांच्या घरचा एक रिवाज आहे. उषाबाईंच्या सासूबाईंनी घालून दिलेला. घरची शिदोरी सोबत असताना परक्याचं मीठ खायचं नाही, आणि शिदोरी उरवून परत आणायची नाही. दोन्हींनी घरची लक्ष्मी रुसते. सासूबाई साकोलीच्या बाजाराला जातानाही फडक्यात भाकर बांधत, आणि भूक नसली तर गावच्या वेशीवर बसून ती संपवून मगच घरी येत.

"पाच किलो चिन्नोर घेऊ," गुरुजी म्हणाले. "वर्षभर जुना. जवसाची चटणी, लाखोळीची दाळ, कोहळ्याच्या वड्या. चिवडा. चार दिवस पुरतीन एवढे लाडू."

"सहा दिवसाले पाच किलो तांदूळ कायले जी?"

"उरला नाई पायजे, पन कमीबी पडला नाई पायजे."

"म्हंजे मी तिथंबी रांधू?"

"तू कायले रांधते? मोनानं देल्ला तो विजेचा कुकर हाय. तोच रांधते. तू फक्त बटन दाब."

डाळ कोण निवडणार, वड्या कोण तळणार, कुकर कोण घासणार, याची बटणं कुकरला कुठे असतात हे उषाबाईंनी विचारलं नाही. निघायच्या दिवशी पहाटे कुकर त्यांनी स्वतःच्या हातानं जुन्या लुगड्यात गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि पिशवीत तळाशी ठेवला. धुरपता निरोप द्यायला आली होती. पिशवी उचलून बघत ती म्हणाली, "बाप्पा, फिराले चालले का बिऱ्हाड करायले?"

नागपूरच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या पोरीनं जवसाच्या चटणीचा डबा उघडायला लावला. काळी भुकटी पाहून तिनं भुवया वर केल्या. गुरुजींनी तिला जवस कोणत्या जमिनीत येतो, तेव्हापासून सांगायला सुरुवात केली. मागे रांग लांबत गेली. शेवटी तिनंच हात जोडले आणि डबा बंद करून दिला.

पहिला मुक्काम पोर्ट ब्लेअरला झाला. त्याला आता श्रीविजयपुरम म्हणतात, हे गुरुजींनी विमानातच सगळ्यांना सांगितलं होतं. खोलीत आल्या आल्या त्यांनी कुकर बाहेर काढला. लुगडं सोडलं. झाकण उघडलं. लुगडं झटकलं.

"याची वायर कुठं हाय?"

"नाई का त्यात?"

"नाई."

"मंग राहिली असन घरी."

गुरुजींनी कुकरकडे पाहिलं. कुकर चांगला होता, चकचकीत होता, आणि विटेइतकाच उपयोगाचा होता. त्या रात्री दोघांनी लाडू आणि चिवडा खाल्ला. खालून, जेवणाच्या खोलीतून, नारळात शिजणाऱ्या कशाचा तरी वास जिना चढून येत होता. उषाबाईंनी दार लावलं नाही. गुरुजींनी लाव म्हटलं नाही, पण चिवडा जरा जास्त आवाज करत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जहाजानं एका लहान बेटावर गेले. उतरल्यावर गुरुजी थबकले. समोर धानाच्या बांध्या होत्या. कापणी झालेल्या, धसकटं उभी असलेल्या, अगदी एकोडीसारख्या, फक्त कडेला नारळ.

"बेटावर धान?" ते म्हणाले. एकतीस वर्षं त्यांनी बेटावर नारळ आणि मासे, एवढंच लिहून घेतलं होतं. परीक्षेत कोणी धान लिहिला असता तर त्यांनी चूक दिली असती. मग धुरा पायानं चाचपून म्हणाले, "धुरे बारीक हायेत यांचे." तेवढ्यानं त्यांना बरं वाटलं.

मुक्काम होता तिथं एक बंगाली बाई स्वयंपाक करायची. सगळे तिला दीदी म्हणत. तिचे आजे-पणजे बंगालमधून येऊन इथं धान लावू लागले होते. गुरुजींनी तांदळाची पिशवी तिच्यापुढे ठेवली.

"हमारे घर का चावल है. दो आदमी का पकाओ. और मछली नहीं चाहिए. समुंदर की मछली खारी रहती."

दीदी गोंधळली. "खारी क्यों होगी, बाबूजी?"

"पानी खारा है ना. उस में रहती है ना. तुम उस में नमक डालती क्या?"

"डालती हूँ."

गुरुजींनी मान हलवली, जशी ते नकाशात दिशा चुकवणाऱ्या पोरापुढे हलवत.

ते समुद्र बघायला गेले आणि उषाबाई दीदीच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. दीदीनं पिशवीत हात घातला, मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बारीक, सुवासिक, वर्षभर मुरलेला चिन्नोर. तांदूळ खाणाऱ्या माणसाला त्याचं वर्णन करून सांगावं लागत नाही.

"कितना डालूँ, माँ?" तिनं विचारलं.

उषाबाईंनी पिशवीकडे पाहिलं. पाच किलोतला कणही अजून हलला नव्हता. चार दिवस बाकी होते. बाहेर अंगणात सोबतचे वीसजण खुर्च्यांवर बसून गुडघे चोळत होते. त्यांना सासूबाईंचा रिवाज आठवला. दोन्ही भाग आठवले. परक्याचं मीठ खायचं नाही, पण कधीपर्यंत? शिदोरी असेपर्यंत.

"सब," त्या म्हणाल्या.

"सब?"

"सब डालो. चटणी, दाल, वड्या, सब निकालो. बाहर इतने लोग हैं."

दीदीनं मोठा टोप चढवला. पंधरा-वीस मिनिटांत चिन्नोरचा वास स्वयंपाकघरातून निघाला आणि अंगणभर झाला. सगळ्यात आधी उठल्या त्या तुमसरच्या सुलोचनाबाई. "हा वास तं आपल्याकडचा हाय," म्हणत त्या वासाच्या मागे मागे दारापर्यंत आल्या. मग एकेक करत सगळे.

गुरुजी समुद्रावरून परतले तेव्हा पंगत बसलेली होती आणि त्यांच्याच तांदळाची वाहवा चालली होती. कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, असा भात आम्ही जन्मात नाही खाल्ला." झालं. गुरुजींनी बाह्या सरसावल्या आणि भाताची परात स्वतः हातात घेतली. चिन्नोरला पाणी किती लागतं, माती कोणती, तलावाखालची जमीन का चांगली, हे सांगत सांगत ते वाढत गेले. "घ्या, घ्या. लाजू नका. घरचा हाय." जवसाची चटणी फिरली. वड्या फिरल्या. अमरनं तीनदा भात घेतला. गुरुजी स्वतः जेवले, लांब हूं केलं, आणि मग, पाणी पिता पिता, त्यांची नजर रिकाम्या पिशवीवर गेली.

"उद्याले?" त्यांनी हळूच विचारलं.

"उद्याले काय?"

"शिदोरी."

"संपली."

"समदी?"

"तुमीच तं वाढली," उषाबाई म्हणाल्या.

वीस माणसं पोटावर हात फिरवत त्यांना दुवा देत होती. अशा वेळी माणूस रागावणार तरी कसा.

"सासूबाई म्हनत," उषाबाईंनी आठवण दिली, "शिदोरी संपली का मंग..."

"मालूम हाय मले. मायीच माय होती."

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी अमरकडून डझनभर केळी आणवली. दुपारी दीदीनं अंगणातल्या टेबलावर केळीच्या पानात भाजलेला मासा आणला आणि उषाबाईंच्या पुढ्यात ठेवला. सोबत भात, बाजूला नारळाच्या दुधातलं कालवण. गुरुजी त्याच टेबलाला, जरा तिरपे बसले, म्हणजे समुद्राकडे तोंड आणि ताटाकडे खांदा. हातात केळं.

उषाबाई उठल्या.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"पानी..."

पाणी टेबलावर होतं. त्या बसल्या. मग सुलोचनाबाईंच्या ताटात भात कमी दिसला, म्हणून परत अर्ध्या उठल्या. दीदीनं मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबलं, जसं हट्टी वासराला दाबतात. "बैठो, माँ. ठंडा हो जाएगा. मैं हूँ ना."

उषाबाई बसल्या. हात मांडीवर. बराच वेळ काहीच केलं नाही त्यांनी. गुरुजींचं केळं अर्धं सोललेलं तसंच राहिलं. बायकोला जेवायला बसता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला समुद्र ओलांडावा लागला. तशी ती एकोडीतही रोज त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर घडत होती, पण तिकडे पाठ होती.

मग उषाबाईंनी पानाचा दोरा सोडला. वाफेचा लोट आला आणि त्यांचा चष्मा पांढरा झाला. त्यांनी तो पुसला नाही, काढून ठेवला. तसाच, न दिसता, पहिला घास घेतला. जीभ चांगली भाजली. आणि त्या हसल्या.

गुरुजींनी दोनदा घसा साफ केला.

"मीठ," ते म्हणाले, "बरोबर हाय का?"

उषाबाईंनी मान वर केली. चाळीस वर्षांत हा प्रश्न या बाजूनं कधी आला नव्हता. इतकी वर्षं पलीकडून आलेल्या हूंचे अर्थ लावत बसलेल्या बाईला आज संधी होती. त्यांच्या मनात असतं तर तेच अक्षर परत करता आलं असतं. पण त्यांना सांगायचंच इतकं होतं.

"मीठ बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "टाकलेलं मीठ, समुद्राचं नाई. मासा आपल्या तलावाच्या माशाहून गोडच हाय, काटे कमी. मोहरी वाटली हाय, पन कडू नाई होऊ देल्ली, वाटतानी मिरची सोबत घातली असन. नारळ मले थोडा जास्त वाटते, पन पानाले चिकटला तो भाग खरपूस झाला, तो नारळानंच. आपल्याइकडं असं केलं तं बोडी-तलावातला मासा चालन, पन मंग पान जाड पायजे. अन् हे कालवन हाय ना, याच्यात आंबट काय घातलं ते मले समजून नाई राहिलं, चिंच नाई, आमसूल नाई, थांबा..." त्यांनी आणखी एक घास घेतला, विचार केला, आणि बोलत राहिल्या.

गुरुजी ऐकत राहिले. शाळेत एखादं मागच्या बाकावरचं पोरगं, जे वर्षभर गप्प असतं, अचानक उभं राहून सगळ्या नद्या उगमापासून मुखापर्यंत सांगतं, तसं त्यांना झालं असावं. बोलणं संपलं तेव्हा त्यांनी केळं खाली ठेवलं. पानाकडे पाहिलं. दोरा बांधून बंद करून भाजलेला मासा. वरून केळीचं हिरवं पान.

"तसं पाहिलं तं," ते म्हणाले, "हेबी सालीतच हाय."

"हाय ना," उषाबाई म्हणाल्या. चेहरा अजिबात हलू न देता त्यांनी पान दोघांच्या मधे सरकवलं. दीदीनं दुसरं पान आणायला घेतलं, तेव्हा त्यांनी तिला डोळ्यानंच दोन आणायला सांगितलं.

यादीतल्या बऱ्याच चौकोनांत पुढच्या तीन दिवसांत खुणा पडल्या. खेकडा गुरुजींनी खाल्ला, कारण त्याला तर दगडासारखी साल असते. शहाळ्याच्या मलईची खीर खाल्ली, कारण नारळाइतकं बंद काही देवानं केलंच नाही. मोहरीतली कोळंबी दीदीनं सोलूनच शिजवली होती, तेव्हा थोडी पंचाईत झाली. पण "सोलायच्या आधी साल होतीच ना," असा तोडगा गुरुजींनी आपला आपणच काढला. केवड्याच्या जातीचं ते फळ तिकडे दूर निकोबारलाच मिळतं म्हणाले, म्हणून तो चौकोन कोरा राहिला. आणि पांता भात? शेवटच्या सकाळी दीदीनं तो मोठ्या कौतुकानं वाडग्यात आणून ठेवला. रात्रीचा भात, पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा, हिरवी मिरची, चिमूटभर मीठ.

उषाबाईंनी वाडग्यात डोकावून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "हे तं मी रोज सकाळी खाते, चुलीपाशी बसून," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाली. मले कोनी यादीत नाई टाकलं."

परत आल्यावर आठ दिवस गुरुजींच्या ओसरीवर माणसांचा राबता होता. गुरुजी सगळ्यांना सांगत होते, की समुद्राच्या माशातही मीठ टाकावं लागतं, तो खारा असतो हा लोकांचा मोठा गैरसमज आहे. कोणाचा, ते सांगत नव्हते. धुरपतानं विचारलं, "गुरुजी, तुमी बाहेरचं खाल्लं म्हंतात, खरं का?"

"बाहेरचं नाई," गुरुजी म्हणाले. "सालीतलं."

नवव्या दिवशी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले. हल्ली येऊ लागले होते. भात चुलीवरून उतरला की दोन ताटं त्यांनीच मांडायला सुरुवात केली होती. पाणी एकाच तांब्यात आणत आणि वाटीत सांडत, पण आणत. त्या दिवशी तांब्या पुसायला त्यांनी दाराआडच्या खुंटीवरच्या जुन्या लुगड्याकडे हात नेला, आणि त्यामागे काहीतरी काळं, नीट घडी घालून रबर लावलेलं हाताला लागलं. त्यांनी ते उजेडात धरलं. कुकरची वायर होती.

राहिलेली वस्तू जमिनीवर पडलेली असते, नाहीतर फळीच्या कोपऱ्यात. रबर लावून, घडी करून, लुगड्याच्या मागे खुंटीला टांगलेली नसते. एवढा भूगोल गुरुजींना येत होता.

ते वायर हातात घेऊन उभे राहिले. उषाबाई ताटावर बसल्या होत्या, समोर गरम भात, वर वाफ. त्यांनी कालवणात बोट बुडवून चव पाहिली.

"हे इथं कसं?" गुरुजींनी विचारलं. "तू ठेवली का?"

उषाबाईंनी पहिला घास कालवला. फुंकर मारली. खाल्ला.

"हूं," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी थोडा वेळ त्या हूंची लांबी मोजली. मग वायर परत खुंटीला टांगली, वरून लुगडं नीट केलं, आणि आपल्या ताटावर येऊन बसले.